दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री, शाळांमधल्या व्याख्यानांनंतर आणि ई-मेलवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा जमेल तिथे तशीच ठेवली आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाह्यग्रह म्हणजे नेमकं काय? शाळेत शिकलेले बहिर्ग्रह तेच का?

नाही. शाळेच्या पुस्तकातले बहिर्ग्रह म्हणजे गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. ते सूर्याचेच. सूर्य सोडून दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह तो बाह्यग्रह. बोलताना आपण 'परग्रह' म्हणतो, पण तो शब्द मंगळालाही लावला जातो, म्हणून इथे टाळला आहे.

२. असे किती ग्रह सापडले आहेत?

नासाच्या नोंदवहीत मार्च २०२२ मध्ये ५,००० चा आकडा ओलांडला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ६,००० चा. हे खातरजमा झालेले ग्रह. 'बहुधा ग्रह असावा' अशा हजारो उमेदवारांची यादी वेगळी आहे. यातला जवळजवळ प्रत्येक ग्रह आपल्याच आकाशगंगेतला, तोही तिच्या आपल्या बाजूच्या छोट्याशा भागातला आहे.

३. ग्रह दिसतच नाही म्हणता, मग तो आहे हे कळतं कसं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो.

कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा. बोटाच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारा संवेदक. बोटातून आरपार येणारा उजेड प्रत्येक ठोक्याला किंचित कमी होतो, कारण त्या क्षणी बोटातल्या धमनीत रक्त जास्त असतं. कातडी, हाड, मांस यांनी अडवलेला उजेड कायम तेवढाच असतो. ठोक्याबरोबर हलणारा बारीकसा भाग तेवढा यंत्र वेगळा काढतं. हृदय न पाहता नाडी मिळते.

ताऱ्याचंही तसंच. ग्रहाची कक्षा आपल्याला कडेवरून दिसत असेल, तर प्रत्येक फेरीत तो ताऱ्याच्या तबकडीवरून सरकतो आणि ताऱ्याचा थोडा उजेड अडवतो. याला अधिक्रमण म्हणतात. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ ला शुक्राचं अधिक्रमण आपल्याकडे अनेकांनी काळ्या चष्म्यातून पाहिलं. सूर्यावरचा तो काळा ठिपका सूर्याचा साधारण हजारावा भाग झाकत होता. दूरचा तारा दुर्बिणीतूनही बिंदूच दिसतो, त्यामुळे ठिपका दिसत नाही. बिंदूची तेजस्विता मात्र उतरते आणि काही तासांनी पूर्ववत होते. ठरावीक दिवसांनी तेवढीच घट, तेवढाच वेळ, पुन्हा पुन्हा.

घट किती? गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोर आला तर सुमारे एक टक्का. पृथ्वीएवढा आला तर साधारण बारा हजारांतला एक भाग. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, प्रश्न १३ मध्ये तो लागणार आहे.

या पद्धतीने सापडलेलं पहिलं अधिक्रमण १९९९ मधलं, एचडी २०९४५८ या ताऱ्याचं. घट दीड टक्क्याच्या आसपास, दर साडेतीन दिवसांनी. २००९ ते २०१८ या काळात केपलर दुर्बिणीने याच पद्धतीने अडीच हजारांहून जास्त ग्रह शोधले आणि २०१८ पासून टेस दुर्बीण तेच काम करते आहे.

४. पण सगळ्याच ग्रहांची कक्षा काही कडेवरून दिसणार नाही. मग बाकीचे सुटूनच जातात का?

या पद्धतीतून, हो. आपली सूर्यमाला कुणी लांबून पाहिली, तर पृथ्वीचं अधिक्रमण दिसेल अशा जागी तो असण्याची शक्यता दोनशेतली एक एवढीच. म्हणजे एक ग्रह सापडला की तसे कितीतरी न दिसलेले असतात.

त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो हे अर्धसत्य. दोघंही आपल्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. लहान मुलाचे दोन्ही हात धरून त्याला गरगर फिरवणारी आईसुद्धा मागे रेलून छोटंसं वर्तुळ काढतच असते. ताऱ्याचं हे डोलणं वर्णपटात, म्हणजे त्याचा उजेड सुट्या रंगांत पसरून मिळणाऱ्या पट्ट्यात, उमटतं: तारा आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, लांब जाताना तांबड्या. जवळ येणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा सूर चढतो तो हाच डॉप्लर परिणाम.

आकडे पाहा. गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने डोलवतो, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर, शहरातल्या दुचाकीएवढा वेग. पृथ्वी डोलवते सेकंदाला फक्त ९ सेंटिमीटर, रांगणाऱ्या बाळापेक्षाही हळू. कित्येक प्रकाशवर्षं दूरच्या उकळत्या वायूच्या गोळ्याचा एवढासा वेग मोजायचा प्रयत्न माणसं करताहेत, हे मला दरवेळी थक्क करतं.

५. पहिला बाह्यग्रह कोणी शोधला? काही ठिकाणी १९९२ वाचलं, काही ठिकाणी १९९५.

दोन्ही बरोबर. १९९२ मध्ये अलेक्झांडर वोल्श्चान आणि डेल फ्रेल यांनी एका स्पंदक ताऱ्याभोवती ग्रह असल्याचं दाखवलं. स्पंदक म्हणजे मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरलेला, गरगर फिरणारा त्याचा गाभा. त्याचे रेडिओ ठोके घड्याळासारखे नियमित येतात. ते ठोके पद्धतशीरपणे लवकर-उशिरा येत होते, त्यावरून ग्रह कळले. सूर्यासारख्या धडधाकट ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह ऑक्टोबर १९९५ मधला: मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांचा ५१ पेगासी बी. दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत त्यांनी वेध घेतले होते. २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग या दोघांना मिळाला.

त्या ग्रहाने सगळ्यांना हादरवलं. वस्तुमान गुरूच्या अर्ध्याच्या आसपास, आणि ताऱ्याभोवती फेरी अवघ्या ४.२ दिवसांत! गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ १२ वर्षं लागतात, म्हणून मोठे ग्रह असेच लांब आणि संथ असणार असं गृहीत धरलं होतं. ओटो स्ट्रुव्ह यांनी १९५२ मध्येच लिहून ठेवलं होतं की ताऱ्याला खेटून फिरणारे मोठे ग्रह असू शकतील आणि ते शोधता येतील. कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

आणि या कथेला एक पुणेरी पान आहे, जे फार थोड्यांना माहीत असतं. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हे ईस्ट इंडिया कंपनीच्या इंजिनियर दलातले अधिकारी. त्यांनी १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. पुढे ते मद्रास वेधशाळेचे संचालक झाले. भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० ऑफियुकी या जोडताऱ्याच्या कक्षेत त्यांना गणिताशी न जुळणारा फरक दिसला आणि १८५५ मध्ये त्यांनी मांडलं की तिथे एखादा ग्रह असावा. गणिताच्या आधारावर केलेला, दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा हा अगदी सुरुवातीचा दावा. १८९० च्या दशकात अमेरिकेत टी. जे. जे. सी यांनी तो पुन्हा उचलला, पण फॉरेस्ट मोल्टन यांनी १८९९ मध्ये दाखवून दिलं की सी म्हणतात तशी रचना टिकूच शकत नाही. तो ग्रह नव्हता. जेकब मात्र १८६२ मध्ये नवी दुर्बीण घेऊन पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारायला परत आले. ८ ऑगस्टला मुंबईत उतरले आणि १६ ऑगस्टला पुण्यात वारले. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांचा ग्रह खोटा ठरला तरी प्रश्न बरोबर होता आणि पद्धतही.

६. पेपरात निळे-तांबडे ग्रह छापून येतात, ते फोटो खरे असतात का?

जवळजवळ सगळी चित्रकारांनी काढलेली कल्पनाचित्रं असतात. ग्रहाचा खरा फोटो काढणं म्हणजे वानखेडेच्या फ्लडलाइटला चिकटलेला किडा पुण्यातून टिपण्यासारखं आहे. सूर्याशेजारी पृथ्वी साधारण हजार कोटी पटींनी मंद दिसेल. तरी काही फोटो खरे आहेत. एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे ग्रह २००८ पासून प्रत्यक्ष टिपले गेले आहेत. चौघंही गुरूपेक्षा जड, ताऱ्यापासून बरेच दूर आणि जन्मून फार काळ न लोटल्यामुळे अजून तापलेले. म्हणूनच ते अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत चमकतात. त्या फोटोंत ते निव्वळ ठिपके आहेत. ढग, डोंगर, समुद्र काही नाही.

७. साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्या एखाद्या ताऱ्याला ग्रह आहे का? मुलांना दाखवायचा आहे.

आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. पुनर्वसू नक्षत्रातल्या दोन ठळक ताऱ्यांपैकी जो पिवळसर आणि जरा जास्त तेजस्वी, तो पोलक्स. ३४ प्रकाशवर्षं दूर. त्याच्याभोवती गुरूपेक्षा जड ग्रह असल्याचं २००६ मध्ये नक्की झालं. हिवाळ्याच्या अखेरीला संध्याकाळनंतर हा तारा महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर येतो.

५१ पेगासी बघायचा असेल तर पूर्वा भाद्रपदाचे दोन तारे शोधा. त्यांच्या साधारण मधोमध, महाश्व तारकासमूहाच्या मोठ्या चौकोनाच्या जरा बाहेर तो आहे. अंधाऱ्या गावात, नजर चांगली असेल तरच साध्या डोळ्यांना लागतो. शहरात साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) पुरते.

८. ५० प्रकाशवर्षं दूरचा ग्रह म्हणजे आपण ५० वर्षांपूर्वीचं पाहतोय. आज तो नसेलच तर?

असेल. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर, आणि तिथून निघालेला उजेड पोचायला खरोखर तेवढी वर्षं लागतात. पण ताऱ्यांचं आणि ग्रहांचं आयुष्य कोट्यवधी वर्षांत मोजतात. त्यापुढे ५० काय आणि ५०० काय! सह्याद्रीचा कालचा फोटो पाहून 'आज डोंगर असेल का' अशी शंका आपण घेत नाही.

९. ग्रहाचा आकार आणि वजन कसं काढतात?

अधिक्रमणातून व्यास मिळतो, डोलण्यातून वस्तुमान. दोन्ही मिळाले की घनता निघते आणि मग तो दगडाचा की वायूचा, हे सांगता येतं.

यात एक मेख आहे. 'उजेड एक टक्का घटला' याचा अर्थ ग्रहाने ताऱ्याच्या तबकडीचा शंभरावा भाग झाकला. पण तबकडी केवढी? ताऱ्याचा व्यास दहा टक्क्यांनी चुकला तर ग्रहाचाही दहा टक्क्यांनी चुकणार. म्हणून या क्षेत्रात ग्रहाआधी ताऱ्याची तपासणी करावी लागते. गाया दुर्बिणीने ताऱ्यांची अंतरं अचूक मोजल्यापासून हे बरंच सोपं झालं. शिवाय एक सुंदर पद्धत आहे: तारे आतून घुमतात. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या लयीत वर-खाली होत असतो. दूरच्या ताऱ्याची अशी थरथर त्याच्या उजेडात बारीक चढउतार करते. छातीला स्टेथोस्कोप लावून डॉक्टर आतलं ओळखतात, तसं त्या थरथरीवरून ताऱ्याची त्रिज्या आणि वय काढता येतं.

१०. बातमीत 'किमान वस्तुमान' असं का लिहितात? किमानच का?

कारण डॉप्लर परिणामातून फक्त आपल्या दिशेने येणारा-जाणारा वेग कळतो. कक्षा आपल्याला तिरकी दिसत असेल तर खरा वेग त्याहून जास्त असतो, म्हणजे ग्रहही जास्त जड असतो. किती तिरकी, हे बहुतेक वेळा माहीत नसतं. अधिक्रमणही दिसलं तर कक्षा कडेवरून आहे हे सिद्ध होतं आणि 'किमान' हा शब्द गळतो.

११. एवढ्या लांबच्या ग्रहाच्या हवेत कोणता वायू आहे हे कसं सांगू शकतात? हे मला पटत नाही.

शंका रास्त आहे. पुन्हा ऑक्सिमीटरकडे येऊ (प्रश्न ३). नाडी तर तो एका रंगावरही सांगेल. पण रक्तात प्राणवायू किती, हे सांगायला त्यात दोन दिवे असतात: एक तांबडा, एक अवरक्त. प्राणवायू घेतलेलं रक्त अवरक्त जास्त शोषतं, न घेतलेलं तांबडा जास्त. दोन्ही रंगांतल्या घटींचं गुणोत्तर काढलं की आकडा मिळतो. जपानमधल्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात ही युक्ती शोधली.

ग्रहाच्या बाबतीत दोनऐवजी शेकडो रंग वापरतात. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा थोडासा उजेड ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो. तिथला वायू ज्या रंगाचा उजेड शोषतो, त्या रंगात ग्रह किंचित मोठा भासतो आणि घट किंचित जास्त भरते. कोणत्या रंगांत घट वाढली, त्यावरून वायू ओळखायचा. या मार्गाने हबल दुर्बिणीने एचडी २०९४५८ बी च्या हवेत सोडियम ओळखलं, आणि २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने वास्प-३९ बी च्या हवेत कार्बन डायऑक्साइड इतका ठळक दाखवला की वादाला जागा उरली नाही. हा ग्रह शनीएवढ्या वस्तुमानाचा, पण उष्णतेने फुगून गुरूपेक्षाही मोठा झालेला. अशा फुगलेल्या ग्रहांची हवा तपासणं सोपं असतं. छोट्या दगडी ग्रहांची पातळ हवा तपासणं फार अवघड.

१२. 'राहण्यायोग्य पट्ट्यात ग्रह सापडला' म्हणजे तिथे माणूस राहू शकेल?

नाही. हे नाव दिशाभूल करणारं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पट्ट्याचा अर्थ एवढाच की योग्य हवा असेल तर पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल एवढं अंतर. शुक्र अशा पट्ट्याच्या कडेशीच आहे आणि तिथे शिसं वितळतं.

४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ चं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये तिथे पृथ्वीच्या जवळपासच्या आकाराचे सात ग्रह असल्याचं जाहीर झालं. काही जण त्या पट्ट्यात आहेत. पण तारा आहे लाल बटू: छोटा, मंद आणि चिडका. सातही ग्रह बुधाच्या कक्षेपेक्षा कमी जागेत दाटीवाटीने फिरतात. चंद्र जशी आपल्याला एकच बाजू दाखवतो, तशी त्यांची एक बाजू कायम ताऱ्याकडे वळलेली असावी. २०२३ मध्ये वेब दुर्बिणीने सर्वांत आतल्या ग्रहाची उष्णता मोजली आणि तिथे हवा जवळजवळ नसावी असं दिसलं. बाहेरच्या ग्रहांचं काम चालू आहे.

१३. सहा हजार ग्रह सापडले, मग हुबेहूब दुसरी पृथ्वी अजून का नाही?

कारण आपल्या पद्धतींना ती सापडणं सगळ्यात कठीण आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती, वर्षभराच्या कक्षेत, पृथ्वीएवढा ग्रह: त्याचं अधिक्रमण वर्षातून एकदा, जेमतेम १३ तास. घट बारा हजारांतला एक भाग. खात्रीसाठी किमान तीन अधिक्रमणं, म्हणजे तीन वर्षं डोळ्यात तेल घालून एकाच ताऱ्याकडे पाहणं. आणि मुळात दोनशेत एखादी कक्षाच तशी कडेवर असणार.

केपलर नेमकं हेच करायला गेली होती. हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांमधल्या एका चौकटीतल्या दीड लाखांहून अधिक ताऱ्यांचा उजेड ती दर अर्ध्या तासाने नोंदवत होती. दोन गोष्टी आड आल्या. तारे अपेक्षेपेक्षा जास्त अस्थिर निघाले, त्यामुळे आणखी काही वर्षं हवी होती. आणि मे २०१३ मध्ये दुर्बिणीला स्थिर धरणाऱ्या चार चाकांपैकी दुसरं चाकही निकामी झालं. अभियंत्यांनी सूर्यकिरणांच्या दाबाचा आधार घेऊन तिला पुन्हा कामाला लावलं, पण त्या चौकटीकडे टक लावून पाहणं संपलं. युरोपची २६ कॅमेऱ्यांची प्लेटो दुर्बीण हे अर्धवट राहिलेलं काम पुढे न्यायलाच बांधली गेली आहे.

१४. के२-१८ बी वर जीवसृष्टी सापडली ना? बातमी तर मोठी होती.

सापडलेली नाही. काय झालं ते क्रमाने सांगतो. हा ग्रह सिंह तारकासमूहात, सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर आहे. वस्तुमान पृथ्वीच्या साडेआठ पट, व्यास अडीच पटींहून थोडा जास्त. २०२३ मध्ये वेब दुर्बिणीच्या नोंदींत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दिसले. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने सांगितलं की डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळचं संयुग असल्याच्या खुणा आहेत. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्मजीवांपासून येतो, म्हणून एवढा गाजावाजा.

पण त्या गटानेच पुराव्याची ताकद तीन सिग्मा सांगितली होती (सिग्मा हे खात्री मोजायचं संख्याशास्त्रातलं माप). शोध म्हणायला पाच लागतात. इतर गटांनी त्याच नोंदी वेगळ्या रीतीने तपासल्या, तर खूण पुसट झाली. शिवाय हाच वायू ६७पी या धूमकेतूवरही आढळला आहे आणि तिथे जीव नाहीत. तो ग्रह समुद्राचा की जाड वायूच्या थराचा, यावरच अजून मतभेद आहेत. अशा वेळी 'अजून ठरलं नाही' हेच प्रामाणिक उत्तर. ऐकायला कमी रोमांचक असेल, पण मी मुलांना हेच सांगतो.

१५. जाहीर केलेला ग्रह नंतर खोटा निघाला, असं होतं का?

होतं. ७० ऑफियुकीचं वर आलंच (प्रश्न ५). बर्नार्डच्या ताऱ्याची कथा तर साठ वर्षांची आहे. पीटर व्हॅन डी कॅम्प यांनी १९६३ मध्ये तिथे ग्रह असल्याचं सांगितलं. पुढे कळलं की दुर्बिणीच्या भिंगात केलेल्या फेरफारांमुळे ताऱ्याची जागा सरकल्यासारखी दिसत होती. २०१८ मध्ये वेगळ्याच ग्रहाचा दावा झाला, तोही टिकला नाही. २०२४ मध्ये सव्वातीन दिवसांहून कमी कक्षेचा एक छोटा ग्रह खरोखर सापडला आणि २०२५ मध्ये त्याला आणखी तीन भावंडं मिळाली. फोमलहॉट ताऱ्याजवळ २००८ मध्ये टिपलेला 'ग्रह' हळूहळू पसरत विरून गेला. तो धुळीचा ढग होता.

मला सगळ्यात जवळची वाटते ती अँड्र्यू लाइन यांची गोष्ट. १९९१ मध्ये त्यांच्या गटाने एका स्पंदकाभोवती सहा महिन्यांच्या कक्षेचा ग्रह जाहीर केला. मग त्यांना स्वतःलाच चूक सापडली: पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीची वजावट नीट झाली नव्हती, आणि आपलीच हालचाल तिकडे ग्रह बनून दिसत होती. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत उभं राहून त्यांनी ती चूक सगळ्यांसमोर मांडली. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच सभेत पुढे वोल्श्चान यांनी आपले ग्रह मांडले, आणि ते आजही टिकून आहेत.

१६. मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. आम्ही एका वेड्यावाकड्या ठोक्यावरून निदान करत नाही. उजेड कमी झाला म्हणजे ग्रहच, हे तुम्ही कसं म्हणता?

डॉक्टर, आम्हीही म्हणत नाही. उजेड घटण्याची कारणं पुष्कळ. ताऱ्यावरचे डाग फिरत समोर येतात. मागे, फार दूर, एकमेकांना झाकणारे जोडतारे असतात आणि त्यांचा उजेड पुढच्या ताऱ्यात मिसळून छोट्या घटीचा आभास होतो. कधी यंत्राचाच दोष असतो.

म्हणून तुमच्यासारखंच पायरीपायरीने जातात. आधी लय: घट घड्याळाप्रमाणे परत येते का? डागांची लय काही आठवड्यांत बदलते. मग आकार: ग्रहाच्या घटीचा तळ सपाटसर असतो, कडेने घासून जाणाऱ्या ताऱ्याची घट इंग्रजी व्ही अक्षरासारखी टोकदार दिसते. एकाआड एक घट कमी-जास्त असेल तर ते जोडतारे. मग दुसऱ्या पद्धतीने पडताळा: ईसीजीत शंका आली की तुम्ही टूडी एको करता, तसं इथे वर्णपटातून डोलणं मोजतात. दोन्ही जुळले की खात्री पक्की होते. अवघड राहतात ते एकदाच अधिक्रमण दिसलेले ग्रह. तिथे होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) लावून बसल्यासारखी पुढच्या ठोक्याची वाट पाहावी लागते, आणि तो ठोका दहा वर्षांनीही येऊ शकतो.

१७. दोन सूर्य असलेले ग्रह खरंच असतात का? आणि एकही सूर्य नसलेले?

दोन्ही असतात. २०११ मध्ये सापडलेला केपलर-१६ बी दोन ताऱ्यांच्या जोडीला बाहेरून फेरी घालतो. तिथे रोज दोन सूर्यास्त होत असणार. कुठल्याच ताऱ्याशी न बांधलेले, अंधारात भटकणारे ग्रहही आढळले आहेत. असा एखादा ग्रह मागच्या ताऱ्यासमोरून जाताना त्याच्या गुरुत्वामुळे ताऱ्याचा उजेड क्षणभर वाढतो, त्यावरून तो कळतो. इथे घट नाही, वाढ शोधायची असते. गंमत म्हणजे तीच वेळ पुन्हा कधीच येत नाही.

१८. सगळ्यात जवळच्या ग्रहावर जायला किती वेळ लागेल?

सर्वांत जवळचा ग्रह प्रॉक्सिमा सेंटॉरी बी, २०१६ मध्ये सापडलेला, ४.२४ प्रकाशवर्षांवर. व्हॉयेजर-१ यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जातं. त्या वेगाने तिथे पोचायला साधारण ७५ हजार वर्षं. हा तारा साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा शेजारी, नरतुरंगातला मित्र तारा, मे-जूनच्या रात्री कोकण किनाऱ्यावरून दक्षिण क्षितिजावर खाली दिसतो.

१९. भारतात यावर काही काम होतं का?

होतं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या गुरुशिखरावर 'पारस' हा वर्णपटमापक बसवला आहे. त्यातून २०१८ मध्ये सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरच्या, पृथ्वीच्या २७ पट वस्तुमानाच्या ग्रहाची खातरजमा झाली. त्यानंतर तिथून आणखी काही ग्रह नोंदले गेले. २०२४ मधला टीओआय-६६५१ बी पृथ्वीच्या ६० पट जड आहे.

आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. २००९ मध्ये तिने एचएटी-पी-११ बी या ग्रहाच्या दिशेने १५० मेगाहर्ट्झवर एक क्षीण संकेत टिपला. ग्रह ताऱ्यामागे गेला तेव्हा संकेत थांबला, म्हणून आशा वाढली. पुढच्या निरीक्षणात तो मिळाला नाही. ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राचा रेडिओ पुरावा मिळवणं हे अजून जिंकायचं शिखर आहे, आणि त्यासाठी नारायणगावच्या द्राक्षबागांपलीकडच्या या तबकड्यांकडे जगाचं लक्ष असतं.

२०. मुलीच्या वाढदिवसाला तिच्या नावाने तारा विकत घेता येईल का?

प्रमाणपत्र विकत मिळेल, ताऱ्याला ते नाव मिळणार नाही. अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि पैसे घेऊन देत नाही. २०१९ मध्ये संघाने प्रत्येक देशाला एका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं नाव सुचवायची संधी दिली. भारताच्या वाट्याला आला षष्ठांश तारकासमूहातला एचडी ८६०८१, सुमारे ३४० प्रकाशवर्षं दूरचा. ताऱ्याचं नाव ठेवलं 'बिभा', विश्वकिरणांवर काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ. ग्रहाचं नाव 'संतमस', ढगांनी झाकलेला या अर्थाचं, आणि ते सुचवलं होतं पुण्यातल्या १३ वर्षांच्या एका शाळकरी मुलाने. मुलीला आकाशातलं काही भेट द्यायचं असेल तर ही गोष्ट सांगा आणि द्विनेत्री घेऊन द्या.

२१. या नव्या ग्रहांचा पत्रिकेवर काय परिणाम होतो?

काहीही नाही. पत्रिकेतल्या नऊ ग्रहांत सूर्य आणि चंद्र धरलेले असतात, राहू-केतू हे कक्षांचे छेदनबिंदू. हे हजारो ग्रह त्या मांडणीत कुठेच नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकांचा आपल्यापर्यंत पोचणारा उजेडही वेगळा मोजता येत नाही इतका क्षीण आहे.

२२. माझ्याकडे आठ इंची दुर्बीण आहे. मला स्वतःला बाह्यग्रहाची चाहूल घेता येईल का?

येईल! फिनलंडमधल्या हौशी निरीक्षकांनी २००० मध्येच एचडी २०९४५८ चं अधिक्रमण टिपलं होतं. त्यानंतर कॅमेरे खूप सुधारले. दुर्बिणीला जोडायला थंड ठेवता येणारा कॅमेरा, आकाशाबरोबर फिरणारा चांगला स्टँड आणि संयम एवढं हवं. दुर्बीण नसेल तर केपलर आणि टेस यांच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. प्लॅनेट हंटर्स या उपक्रमात घरबसल्या उजेडाचे आलेख तपासणाऱ्या सामान्य लोकांनी २०१२ मध्ये चार ताऱ्यांच्या कुटुंबातला एक ग्रह शोधून दिला.

पहिल्या प्रयत्नाला एचडी २०९४५८ च घ्या. महाश्व तारकासमूहात आहे. पावसाळा सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी तो उंच येतो. अधिक्रमणाच्या वेळा आधीच मिळतात, आणि ते सुमारे तीन तास चालतं. एक तास आधी सुरू करा, संपल्यावरही तासभर थांबा, आणि दर मिनिटाला एक छायाचित्र. शेजारच्या दोन-तीन ताऱ्यांशी तुलना करायला विसरू नका, नाहीतर विरळ ढगालाच ग्रह समजाल. घरी येऊन बिंदू जोडले की दीड टक्क्याची ती खळगी तुमच्या कागदावर असेल.